तो तुमचा कोण लागायचा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, २५ ऑक्टोबर २०२४च्या शुक्रवारी, भल्या पहाटे मी लॉस एंजेलिसच्या फुलबाजारात एका अनोळखी बाईचे सांत्वन केले. ते चुकीच्या समजुतीतून केले, हे मला परतीच्या रस्त्यावर कळले. चूक तशी लहान होती. ती कोणी पाहिली नाही, आणि जिच्यापाशी झाली तिने ती चूक म्हणून घेतलीच नाही. पण नेमके तेच, तिने ती चूक म्हणून न घेणे, मला वर्षभर चपलेत अडकलेल्या खड्यासारखे टोचत राहिले आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि तोरणांचे काम माझ्याकडे होते. दादरला झेंडू किलोवर मिळतो, देठ खुडलेला, पोत्यांतून फळकुटांवर ओतलेला. इथे तो हातभर देठांसकट आणि पानांसकट जुड्या बांधून पाण्याच्या बादल्यांत उभा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डाऊनटाऊनमधला तो सारा बाजार केशरी होतो. पहिल्या काही वर्षांत मला भाबडेपणाने वाटायचे की हे आपल्या दिवाळीसाठीच आहे. ते असते मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या दिवसासाठी. १ आणि २ नोव्हेंबरला घरची गेलेली माणसे परत येतात, त्यांना वाट सापडावी म्हणून या फुलांच्या पाकळ्या दारापासून फोटोपर्यंत पसरतात. ते या फुलाला सेंपासूचिल म्हणतात. आपण झेंडू इतका आपला मानला आहे की त्याच्याशिवाय दसऱ्याचे दार उघडे-बोडके वाटते. पण मुळात तो मेक्सिकोचा, युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेला. म्हणजे मी माहेरची आठवण म्हणून जे फूल घ्यायला जाते, तेच समोरची बाई तिच्या माहेरचे म्हणून विकत असते. घासाघीस मात्र दोघींचीही अस्सल दादरची.

त्या दिवशी मी जिच्यापाशी थांबले ती साठीच्या पुढची असावी. बोटांची पेरे देठांच्या रसाने काळी पडलेली, अंगात पुरुषी स्वेटर, कमरेला पैशांचा पट्टा. तिच्या सगळ्या बादल्या पुढे होत्या, एक मात्र मागे, भिंतीला लागून. तिच्यातल्या जुडीला निळी फीत बांधलेली होती आणि त्या जुडीच्या आधाराने एक फोटो उभा केला होता. विशी-बाविशीचा गुटगुटीत मुलगा, गोल चेहरा, निळी टोपी, आणि नजर थेट आभाळाकडे. इतकी वर की डोळ्यांचे पांढरेच दिसत होते. शेजारी उंच काचेत मेणबत्ती. मी त्या जुडीकडे बोट दाखवले, तेव्हा ती म्हणाली की ती विकायची नाही. मी फोटोकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, “तुमचा मुलगा?”

तिने लगेच उत्तर दिले नाही. फोटोकडे वळून बघितले, जणू तो काय म्हणतो ते ऐकते आहे. मग म्हणाली, “दे ला कासा.” घरचा.

मी तिचा हात हातात घेतला आणि अशा वेळी जे म्हणतात ते म्हटले. फार वाईट वाटले, देव त्याला शांती देवो. आपल्याकडे दहाव्या-बाराव्याला भेटायला आलेल्यांचे बोलणे ऐकताना बायका जशा डोळे मिटून मान हलवतात, तशीच तिने मान हलवली. “ग्रासियास, मिहा,” म्हणाली, म्हणजे ‘आभारी आहे, पोरी’, आणि माझ्या जुड्यांत आणखी चार देठ खोचले. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

गाडीत फुले भरताना मला तोच चेहरा पुन्हा दिसला. समोर खोकी उतरवणाऱ्या पोराच्या शर्टावर तोच गुटगुटीत मुलगा आभाळाकडे पाहत होता. पुढच्या सिग्नलला एका सलूनच्या काचेवर पांढऱ्या रंगाने मोठा ३४चा आकडा काढलेला होता आणि त्याखाली नाव. मग ११० क्रमांकाच्या रस्त्याला लागल्यावर, डाव्या हाताला टेकडीवरचे डॉजर्सचे, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाचे, स्टेडियम मागे पडत असताना, रेडिओवर तेच नाव ऐकले आणि सगळे जुळले. फर्नांदो वालेन्सुएला. डॉजर्सचा जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २२ तारखेच्या रात्री गेला, वयाच्या ६३व्या वर्षी. त्या बाईचा मुलगा असणे शक्यच नव्हते. वयाने तो जवळपास तिच्याच बरोबरीचा होता. फोटो तेवढा १९८१चा होता.

मला आधी हसू आले, मग लाज वाटली, आणि मग एक तिसरेच काहीतरी वाटले. त्याला नाव द्यायला मला बरेच दिवस लागले.

या शहरात अकरा वर्षे राहून मला बेसबॉल येत नव्हता, हे आधी कबूल केले पाहिजे. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला एक उर्मट आळस असतो. समोरचा खेळ आपल्या खेळाची बिघडलेली प्रत आहे असे त्याला मनातून वाटत असते. त्या संध्याकाळी मात्र मी सोफ्यावर बसून, तोरणांसाठी फुले खुडत, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना लावला. डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज. हे दोन संघ या टप्प्यावर याआधी एकमेकांसमोर आले होते ते १९८१ साली. त्यानंतर ४३ वर्षे नाही. आणि १९८१च्या त्या मालिकेतला, २३ ऑक्टोबरचा तिसरा सामना फर्नांदोने जिंकून दिला होता. पहिले दोन हरून संघ खड्ड्यात गेलेला. त्या दिवशी त्याचा हात काही नीट चालत नव्हता, फटके बसत होते, चेंडू भरकटत होते, तरी वीस वर्षांच्या त्या पोराला कोणी बाहेर काढले नाही आणि तो स्वतःहून गेला नाही. १४७ चेंडू टाकून त्याने ५-४ असा सामना काढला आणि तिथून मालिका फिरली. तीच मालिका, तेच दोन संघ, आणि त्या तारखेच्या आदल्या रात्री तो गेला. योगायोगांना फार अर्थ चिकटवू नये असे मला वाटते, पण या शहरातल्या लोकांना त्या आठवड्यात ते सांगायला जाणे म्हणजे वारीच्या वाटेवर उभे राहून पावसाची शास्त्रीय कारणे सांगण्यासारखे झाले असते.

सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायची इथे पद्धत आहे. त्या दिवशी तो टाकला गेला नाही. ज्या उंचवट्यावरून पिचर चेंडू फेकतो त्याच्या मागच्या अंगाला फर्नांदोच्या शर्टावरचा ३४चा आकडा रंगवलेला होता. फर्नांदोबरोबर खेळलेले दोन म्हातारे, ओरेल हर्शायझर आणि स्टीव्ह येगर, चालत तिथवर गेले आणि त्यांनी चेंडू तिथे जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. पिंडाला दर्भ लावताना हात जसा खाली जातो तसा हात खाली गेला आणि रिकामा वर आला. माझ्या मांडीवर खुडलेल्या देठांचा ढीग होता आणि बोटांना झेंडूचा तो उग्र, थोडा औषधी वास. आपण कोणाच्या तरी घरात ऐन दुःखात, न सांगता शिरलो आहोत, असे मला वाटले. पुढे तो सामना दहाव्या इनिंगपर्यंत गेला, घोटा दुखावलेल्या डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने, तिन्ही बेसवर आपले धावपटू उभे असताना, चेंडू थेट प्रेक्षकांत मारून सामना जिंकला, आणि आमच्या गल्लीत आठवडाभर आधीच फटाके वाजले.

सोमवारी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या हिशेबनिसाला फुलबाजारातली गोष्ट सांगितली. तो बॉइल हाइट्समध्ये, म्हणजे नदीपलीकडच्या मेक्सिकन वस्तीत वाढलेला. मला वाटले तो हसेल. तो हसला नाही. त्याने ट्रेमधले संत्रे उचलले आणि स्क्रूबॉल म्हणजे काय ते मला दाखवायला लागला. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा वळणारा चेंडू एका बाजूला जातो. फर्नांदोचा स्क्रूबॉल उलट दिशेला पळायचा. त्यासाठी चेंडू सोडताना मनगट नैसर्गिक वळणाच्या विरुद्ध फिरवावे लागते, तळहात बाहेर आणि अंगठा जमिनीकडे. मी संत्रे हातात घेऊन तसे करून पाहिले, तर कोपरापासून खांद्यापर्यंत एक तिरकी कळ गेली. गुगली टाकणाऱ्याचे मनगट आठवले. पण गुगलीवाल्याला निदान हात मोकळा फिरवायची मुभा असते. हे त्याने एका सहखेळाडूकडून, बॉबी कास्तियोकडून, कोवळ्या वयात शिकून घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे हजारो वेळा केले. खांदा जायचा तो गेलाच. १९८८ साली संघ वर्ल्ड सिरीज पुन्हा जिंकला तेव्हा तो दुखापतीमुळे बाहेर होता.

मग हिशेबनीस उठून उभा राहिला. खुर्ची मागे सारली, दोन्ही हात डोक्यावर नेले, उजवा गुडघा छातीपर्यंत उचलला आणि मान मागे टाकून छताकडे पाहिले. छतावर ट्यूबलाइट होती. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गळ्यात ओळखपत्राची दोरी लटकणारा माणूस एका पायावर ट्यूबलाइटकडे डोळे लावून उभा. तेच डोळ्यांचे पांढरे. फर्नांदो प्रत्येक चेंडूआधी असा आभाळाकडे बघायचा आणि मग खाली न बघताच जणू नेमका चेंडू टाकायचा. कॅन्टीनमधले बोलणे थांबले. पलीकडच्या टेबलावरच्या सुरक्षारक्षकाने काटा खाली ठेवला, उठला, आणि त्यानेही हात डोक्यावर नेले. दोघेही क्षणभर तसेच राहिले. मग बसले आणि जेवायला लागले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्या एका वर्षाची हकीकत मी नंतर तुकड्या-तुकड्यांनी गोळा केली. मेक्सिकोतल्या सोनोरामधले एचोवाकिला नावाचे खेडे, बारा भावंडांतले शेंडेफळ. ९ एप्रिल १९८१, मोसमाचा पहिला सामना; ठरलेल्या पिचरची पोटरी दुखावली आणि आयत्या वेळी या वीस वर्षांच्या मुलाला पुढे केले. त्याने समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही. त्यानंतर पुढचेही सामने जिंकत गेला. पहिल्या आठ सामन्यांत आठ विजय, ७२ इनिंगमध्ये फक्त ४ धावा. त्याला इंग्रजी येत नव्हते. स्पॅनिश रेडिओवर सामने सांगणारे इक्वेडोरचे हायमे हारिन त्याच्या शेजारी बसून पत्रकारांचे प्रश्न त्याला आणि त्याची उत्तरे त्यांना सांगायचे. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मेक्सिकोच्या अध्यक्षांसाठी भोजन दिले, तिथेही हा होता. वर्षअखेरीस सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही मान त्याला मिळाले. एकाच मोसमात हे दोन्ही त्याच्याआधी कोणाला मिळाले नव्हते आणि त्याच्यानंतरही नाही. पण हे सगळे पुस्तकात सापडते. ‘घरचा’ या शब्दाचा उलगडा त्यातून होत नाही.

तो उलगडा थोडासा झाला, तो हिशेबनिसाच्या आजीमुळे.

डॉजर्सचे स्टेडियम ज्या टेकडीवर आहे तिथे पूर्वी ला लोमा, पालो व्हेर्दे आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. सगळ्या मिळून चावेझ रवीन. मेक्सिकन कुटुंबे, कोंबड्या, बोकड, भाजीचे वाफे, एक चर्च. १९५०च्या सुमारास शहराने तिथे सरकारी घरे बांधायचे ठरवले, लोकांना उठवले, नव्या घरांत पहिला हक्क तुमचाच असे सांगितले. मग वारे फिरले, घरांची योजना बासनात गेली आणि ती जागा बेसबॉल क्लबला मिळाली. उरलेल्या शेवटच्या लोकांना १९५९च्या मे महिन्यात पोलिसांनी उचलून बाहेर काढले, कॅमेऱ्यांसमोर, आणि लगेच बुलडोझर फिरला. १९६२ साली स्टेडियम उघडले. या आजीचे घर पालो व्हेर्देमध्ये होते. त्या दिशेला कधी पाऊल टाकणार नाही, असे तिने म्हटले होते, आणि असे म्हणणारी ती एकटी नव्हती. मला हे परके वाटले नाही. माझ्या आत्याचे यजमान परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. उघडली ती मॉल म्हणून. आत्या शेवटपर्यंत त्या मॉलच्या पायऱ्या चढली नाही. आम्ही मुले जायचो आणि तिथे गेलो होतो हे तिच्यापासून लपवायचो.

आजीने मात्र १९८१च्या उन्हाळ्यात रेडिओ लावला. आधी स्वयंपाकघरात, कमी आवाजात. मग एक दिवस म्हणाली, मला घेऊन चला. नातवाला, तेव्हाच्या नऊ वर्षांच्या आमच्या हिशेबनिसाला, तो दिवस लख्ख आठवतो. ती काळे कपडे घालून आली होती. पहिल्या दोन इनिंग तिने मैदानाकडे पाहिलेच नाही. मान वळवून-वळवून टेकडीच्या कडा बघत राहिली, घर नेमके कुठे असेल त्याचा अदमास घेत. पार्किंगमध्ये असावे, असे शेवटी ठरवले. मग पुढे पाहिले. खाली उंचवट्यावर तो मुलगा उभा होता, पोट किंचित पुढे, शर्ट घट्ट बसलेला. सगळ्या घराला वाटले आता ही रडणार. आजी म्हणाली, “पोरगा जेवलेला दिसतो. आपल्यातल्याच कोणाचा तरी असणार.”

ही गोष्ट ऐकून मला बरे वाटले आणि मग त्या बरे वाटण्याचाच राग आला. कारण हिशेब मांडायचा तर तो असा: ज्यांची घरे गेली त्यांनी त्याच जागेवर तिकीट काढून बसावे, टाळ्या वाजवाव्यात, टोप्या विकत घ्याव्यात, आणि हे सगळे घडवून आणले एका गुणी पोराच्या उलट्या मनगटाने. क्लबला याहून स्वस्तात क्षमा मिळाली नसती. त्याच क्लबने १९९१च्या वसंतात, त्याने नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही यशस्वी फटका न देता पूर्ण सामना, टाकला त्याला वर्षही झाले नसताना, त्याला सोडून दिले. त्याचा ३४ क्रमांक त्यानंतर कोणाला दिला गेला नाही हे खरे, पण तो रीतसर निवृत्त व्हायला २०२३चा ऑगस्ट उजाडावा लागला. कारण क्लबचा रिवाज असा होता की तो मान सहसा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या यादीत, गेलेल्यांनाच, आणि तिथे फर्नांदोची वर्णी लागली नाही. ३२ वर्षे. नंतर जेमतेम चौदा महिने तो जगला. मी हे सगळे हिशेबनिसासमोर बऱ्यापैकी तावातावाने मांडले. तो शांतपणे संत्रे सोलत होता. म्हणाला, “तू बरोबर आहेस. पण आजीला तिथे क्लब दिसलाच नाही ना. तिला तो दिसला.” आणि मला एक फोड दिली.

रविवारी, म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, मी उरलेली फुले घेऊन स्टेडियमच्या फाटकाशी गेले होते. विन स्कली अव्हेन्यूवर, स्वागताच्या मोठ्या पाटीच्या पायथ्याशी, फुले, काचेतल्या मेणबत्त्या, निळ्या टोप्या आणि नावे लिहिलेले चेंडू यांचा बांध तयार झाला होता. लोक रांगेने येत होते, कोणी गुडघे टेकत होते, कोणी नुसते उभे होते. मेणाचा वास, रस्त्यावरच्या डिझेलचा वास आणि त्या दोन्हींच्या वर झेंडूचा. एक माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन, कोणता चेंडू कोणी ठेवला असेल याच्या गोष्टी रचून सांगत होता. माझ्या पिशवीतली फुले देठ खुडलेली होती. त्यांची जुडी होईना, ती कशाला टेकून उभी राहीनात. शेवटी मी खाली बसून ती ओंजळीने ओतली. खांद्यावरच्या मुलीने वरून विचारले, “हिच्या फुलांना पाय का नाहीत?” बाप ओशाळला. मी म्हटले, आमच्याकडे अशीच असतात.

तो माझा कोण लागायचा, हे तिथे मला कोणी विचारले नाही.

आणि तिथेच, पाटीसमोर उकिडवी बसलेली असताना, मला तो खडा नेमका कुठला ते सापडले. फुलबाजारात मी जो प्रश्न विचारला होता, तो मी पहिल्यांदा विचारलेला नव्हता.

१५ ऑगस्ट २०१८ला भारताचे माजी क्रिकेट कर्णधार अजित वाडेकर गेले. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला घरी फोन केला तेव्हा आईने सांगितले की रात्री बातमी ऐकल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला, न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतले. सकाळची आंघोळ झालेली असताना. कोणी जवळचे गेल्याचे कळल्यावर घेतात तसे. आईचा सूर अर्धा काळजीचा, अर्धा तक्रारीचा होता. ऑगस्टचा पाऊस आणि त्यांची छाती. बाबा फोनवर आले तेव्हा मी वैतागून म्हणाले, “अहो बाबा, ते तुमचे कोण लागायचे? एकदा तरी भेटलात का त्यांना?” त्यांनी काही उत्तर दिले नाही. जेवण झाले का विचारले, तिकडे किती वाजले विचारले, आणि फोन आईकडे दिला. त्याच संध्याकाळी वाजपेयी गेले आणि सगळ्या देशाचे लक्ष तिकडे वळले. वाडेकरांचे दुःख करायला लोकांना एक पुरता दिवससुद्धा मिळाला नाही, असे बाबा नंतर आईला म्हणाल्याचे मला बऱ्याच उशिरा कळले.

बाबा १९७१ साली एकोणीस वर्षांचे होते. २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस होता आणि चाळीतल्या गणपतीची आरती रेडिओसाठी खोळंबली होती. वाडेकर सकाळच्या खेळात सुरुवातीलाच ४५वर धावबाद झाले, तेव्हा बाबा जिन्यात जाऊन बसले ते सामना जिंकेपर्यंत वर आलेच नाहीत. आपण ऐकत बसलो की विकेट पडते, असा त्यांचा समज होता. भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, ती बाबांनी जिन्यातल्या अंधारात, वरून येणाऱ्या आरडाओरड्यावरून ऐकली. इतकी वर्षे मी ही गोष्ट गमतीची म्हणून सांगत आले. त्या जिन्यात बसलेल्या मुलाला त्या वेळी नोकरी नव्हती, वडील नव्हते, आणि डावखुऱ्या फलंदाजाने शांतपणे, फारसे न बोलता साहेबाच्या घरी जाऊन साहेबाला हरवणे ही त्याच्या आयुष्यात त्या वर्षी घडलेली एकमेव चांगली गोष्ट होती, हे मला त्यांनी कधी सांगितले नाही. मी कधी विचारले नाही. जे विचारले ते २०१८ साली, आणि ते असे विचारले.

२०२१च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. नेहमीची विमाने बंद होती, असती तरी वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. मी इथल्या न्हाणीघरात शॉवरखाली उभी राहून डोक्यावरून पाणी घेतले. तेव्हा ती रात्रीची आंघोळ मला आठवली होती की नाही, हे आता खरेच सांगता येत नाही.

डॉजर्सनी ती वर्ल्ड सिरीज ३० ऑक्टोबरला, पाचव्या सामन्यात ०-५ अशी पिछाडी भरून काढून जिंकली. विजयाची मिरवणूक १ नोव्हेंबरला निघाली. आमच्याकडे इथल्या तिथीप्रमाणे लक्ष्मीपूजन आदल्या संध्याकाळी झाले होते. ठाण्यात ते त्या दिवशी होते, आणि आई फोनवर पंचांगांच्या भांडणाबद्दल बोलत होती. ती तारीख म्हणजे मृतांच्या दिवसाची सुरुवात, आणि फर्नांदोचा ६४वा वाढदिवस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हिशेबनिसाबरोबर सिटी हॉलपाशी जाऊन उभी राहिले. उघड्या टपाच्या बसमधून खेळाडू हात हलवत गेले, कागदाचे निळे कपटे उडाले, आणि गर्दीत जागोजागी काठ्यांवर त्याचे फोटो होते, तोच वर बघणारा चेहरा. लोक जिंकलेल्यांसाठी ओरडत होते, आणि मध्येच त्यातला एखादा फोटो पुढून गेला की आवाज खाली यायचा, आपोआप, मग पुन्हा चढायचा. रडणे आणि नाचणे एकाच तोंडाने चालले होते. अनंत चतुर्दशीला गिरगावच्या वाळूत हे मी पाहिलेले आहे. पण तिथे पुढच्या वर्षी लवकर या म्हणण्याची सोय असते.

यंदा दिवाळी लवकर आली. १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या पहाटे, मी फुलबाजारात गेले तेव्हा बाजार अजून पुरता केशरी झालेला नव्हता. त्या बाईची जागा मला आठवत होती, पण तिथे तिशीतला एक मुलगा बसला होता, कानांत हेडफोन घालून. भिंतीजवळ तीच मागची बादली, निळी फीत आणि उन्हाने फिकट झालेला फोटो. मी त्या बाईची चौकशी केली. आई गुडघ्यांमुळे आता येत नाही, तो म्हणाला, घरी बसून हुकूम सोडते. मग मला राहवले नाही आणि मी गेल्या वर्षीचा माझा घोटाळा त्याला सांगून टाकला. त्याने हसावे म्हणून स्वतः आधी हसले. त्याने हेडफोन काढून हातात घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

“म्हणजे त्या तुम्ही?” तो म्हणाला. “आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. फर्नांदोसाठी सांत्वनाला भारतातून बाई आली होती म्हणून.”

मी दोन जुड्या घेतल्या. एक पिशवीत टाकली, दुसरी मागे जाऊन त्या बादलीत, फोटोच्या पायाशी, देठांसकट उभी केली. त्याने दोन्हींचे पैसे घेतले.